हिरड्या आणि देहाचे आरोग्य



या व्याख्यानमालेत गेले काही दिवस आपण मोठमोठे विषय ऐकलेत. इतिहास झाला, अर्थकारण झाले, संतवाङ्मयही झाले. त्यानंतर आज एका दंतवैद्याने उभे राहावे आणि हिरड्यांविषयी बोलावे, हे पंगतीत श्रीखंडानंतर काढा वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. परंतु काढ्याचीही एक वेळ असते. शिवाय श्रीखंड खाणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो लागतोच.

प्रारंभी एक प्रश्न विचारतो. आज सकाळी दात घासताना आपल्यापैकी किती जणांच्या हिरडीतून रक्त आले? हात वर करू नका. शेजारी बसलेल्या माणसाला ते कळण्याचे कारण नाही. प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्यावे. आता असे समजा की, रोज स्नान करताना तुमच्या कोपरातून रक्त येते. किती दिवस तुम्ही स्वस्थ बसाल? खोकल्याबरोबर रक्ताचा एक ठिपका पडला तर घरात रडारड होते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठला जातो. हिरडीतून मात्र वर्षानुवर्षे रक्त येते आणि आपण चूळ भरतो, नळ सोडतो आणि चहाला बसतो. ‘एवढे थोडे येतेच’ असे आपण म्हणतो. निरोगी हिरडीतून रक्त येत नाही. थोडेही येत नाही.

या बेफिकिरीची कारणे दोन आहेत. पहिले असे की, हा रोग दुखत नाही. दाढ किडली म्हणजे ती रात्रभर जागवते आणि माणूस सकाळी आपण होऊन दवाखान्याची पायरी चढतो. हिरडीचा रोग असा आरडाओरडा करीत नाही. दुसरे कारण आमच्या समजुतीत आहे. केस पिकावेत, दृष्टी अधू व्हावी आणि दात पडावेत, हा वार्धक्याचा क्रमच आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. ‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण दैवाला उद्देशून वापरतो. परंतु तीतही म्हातारपणी दात नसणारच हे गृहीतच आहे. ते गृहीत चुकीचे आहे. दात वयाने पडत नाहीत, रोगाने पडतात. हा रोग तोंडापुरता राहतो की सबंध देहाशी त्याचा काही व्यवहार आहे, हे आज पाहावयाचे आहे. या व्यवहाराविषयी बोलताना शब्द तोलून वापरावे लागतात. कारण एकदा ते न तोलता वापरले गेले आणि त्यापायी माणसे प्राणास मुकली. ती हकीगत पुढे सांगणार आहे.

आधी हिरडी म्हणजे काय ते पाहू. दात जबड्याच्या हाडात खिळा ठोकावा तसा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचे जाळे असते आणि त्या तंतूंवर दात टांगल्यासारखा असतो. हाडावर हिरडीचे आवरण असते. हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. निरोगी माणसात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर भरते. सारा रोग या फटीत सुरू होतो. जेवण झाल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा मऊ, पांढुरका, चिकट थर बसू लागतो. तो चूळ भरून जात नाही, घासावाच लागतो.

हे जंतू प्रथम कोणी पाहिले? डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने. भिंगे घासण्याचा त्याला नाद होता. १६८३ साली त्याने आपल्याच दातांमधला पांढरा लगदा खरवडून भिंगाखाली धरला. त्यात वळवळणारे जीव दिसले, तेव्हा तो थक्क झाला आणि त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. दात कधीच न घासलेला एक म्हातारा त्याने मुद्दाम गाठला आणि त्याच्या तोंडातला मासलाही तपासला. त्यात काय आढळले असेल हे मी जेवणाच्या वेळेच्या इतक्या जवळ सांगत नाही.

तरी हा थरच हिरडीच्या दाहाचे कारण आहे हे निर्विवाद सिद्ध व्हावयास १९६५ साल उजाडले. डेन्मार्कमधील ऑर्‌हूस येथे हाराल्ड लो आणि त्यांचे सहकारी यांनी एक सरळ प्रयोग केला. निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली, त्यांतली बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, आणि त्यांना दात घासणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, रक्त येऊ लागले. मग पुन्हा घासावयास सांगितले, तेव्हा आठवड्याच्या आसपास हिरड्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, गोळी नाही. या अवस्थेतला रोग पूर्ण परत फिरतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. कारण पुढची अवस्था तशी नाही.

थर तसाच राहिला म्हणजे लाळेतील क्षार त्यात बसतात आणि त्याचे दगडासारखे किटण होते. किटणाच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर अधिक सोयीने बसतो. दाह खोल उतरतो, हिरडी दातापासून सुटते, फट चार, पाच, सात मिलिमीटर खोल होते आणि तिचा एक खिसा बनतो. त्या खिशात घासणी पोचत नाही आणि हवाही पोचत नाही. तेथे बिनहवेत वाढणारे जंतू नांदू लागतात. शरीर त्यांच्याशी लढते. या लढाईत जंतूंपेक्षा आपल्याच सैन्याची धुमश्चक्री अधिक नुकसान करते. दाताभोवतीचे हाड हळूहळू विरघळते आणि एकदा गेलेले हाड सहसा परत येत नाही. यालाच लोक पायोरिया म्हणतात. दात हलू लागेपर्यंत दहा-पंधरा वर्षे निघून गेलेली असतात.

येथे कोणीतरी उठून म्हणेल की, आमचे आजोबा राखुंडीने दात घासत आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खात. आजोबांना माझा नमस्कार. याच लो यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांची १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे पाहणी केली. या मजुरांना दात घासण्याची नेहमीची सवय नव्हती आणि दंतवैद्य त्यांनी पाहिलेला नव्हता. थर आणि किटण सर्वांच्याच दातांवर होते. तरीही शेकडा ११ जणांचा रोग हिरडीच्या दाहापलीकडे गेला नाही, शेकडा ८१ जणांचा मध्यम गतीने वाढला आणि शेकडा ८ जणांचा इतक्या झपाट्याने वाढला की त्यांचे दात पाहता पाहता गेले. म्हणजे प्रत्येक देहाची प्रतिकाराची घडण निराळी. आजोबा त्या अकरांपैकी असतील. नातू कोणत्या गटात आहे हे मात्र आजोबांच्या दातांवरून ठरत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळतो. देह आणि हिरडी यांचा संबंध दोन दिशांनी जातो. देहाचे दुखणे हिरडीत उमटते ही पहिली दिशा. ती फार पूर्वीपासून माहीत आहे. आपल्या सुश्रुताने निदानस्थानात दंतमूलांचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांतील शीताद म्हणजे हिरड्या मऊ व काळपट होऊन, दुर्गंधी सुटून, कारणावाचून रक्त येणे. आणि दंतवेष्ट म्हणजे पू व रक्त वाहून दात हलणे. आजच्या पुस्तकातले वर्णन याहून फारसे निराळे नाही. पाश्चात्त्य दर्यावर्दी लोकांत स्कर्व्ही नावाचा रोग हजारोंनी माणसे मारीत असे आणि त्याचे ठळक लक्षण हिरड्यांत दिसे. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी सहा दिवसांत उठून कामाला लागण्याइतकी बरी झाली. आज स्कर्व्ही क्वचितच दिसते, परंतु रक्ताच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी सुजलेल्या, रक्ताळलेल्या हिरडीतच सापडते. फिट्‌सवर दिले जाणारे फेनिटोइन आणि रक्तदाबावरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्या यांनी काही जणांच्या हिरड्या वाढतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरला हिरडी दाखवावी.

हिरडीचे दुखणे देहाला बाधते का, ही दुसरी दिशा. खरा वाद येथे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये विलोबी मिलर नावाचा एक अमेरिकन दंतवैद्य रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. तोंडातील सूक्ष्म जंतूंवरचा त्याचा ग्रंथ १८९० साली निघाला आणि पुढच्याच वर्षी, तोंड हे साऱ्या शरीराला बाधा पोचविणारे केंद्र होऊ शकते, असे प्रतिपादन त्याने केले. ही कल्पना लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी उचलली. १९०० साली त्यांनी त्यावर लिहिले आणि १९१० साली कॅनडातील माँट्रियल येथे मॅक्‌गिल विद्यापीठात एक घणाघाती व्याख्यान दिले. त्या काळी श्रीमंतांच्या तोंडात कुजलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसविण्याची टूम होती. हंटर यांनी तिच्यावर तुटून पडून सांगितले की, या सोन्याच्या खाली पू साठला आहे आणि तोच पंडुरोग, पोटाचे विकार, सांधेदुखी यांचे मूळ आहे. शिकागोत फ्रँक बिलिंग्ज यांनी त्याच सुमारास या मताला शास्त्रीय पोशाख चढविला.

मत सर्वस्वी चुकीचे नव्हते. परंतु चांगल्या कल्पनेची साथ येते, तशी याची आली. सांधे दुखतात? दात काढा. डोके दुखते? दात काढा. तपासणीत काही सापडले नाही? मग तर काढाच, कारण पू नक्कीच लपलेला असणार. अमेरिकेत आणि इंग्लंडात धडधाकट माणसांचे दातच्या दात उपटले गेले. या प्रकाराचा कळस न्यू जर्सीतील ट्रेंटन येथे झाला. तेथल्या वेड्यांच्या सरकारी रुग्णालयाचे मुख्य हेन्री कॉटन यांची अशी ठाम समजूत झाली की, वेडाचे मूळ लपलेल्या जंतूंत आहे. त्यांनी रोग्यांचे दात काढले, मग टॉन्सिल काढले आणि तेवढ्याने गुण आला नाही तेव्हा आतड्याचे मोठमोठे भाग कापून काढले. स्वतःच्या मुलांचेही दात त्यांनी काढविले. म्हणजे माणूस लबाड नव्हता, श्रद्धावान होता, आणि ते अधिक भयंकर. शेकडा ८५ रोगी बरे होतात असे ते सांगत. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शेकडा ३० च्या आसपास रोगी दगावतात, हेही त्यांनीच मान्य केले होते. १९२४ साली फिलिस ग्रीनएकर या तरुण डॉक्टर बाईंकडे या कामाची तपासणी सोपविली गेली. बरे होण्याचे आकडे खरे नाहीत आणि मृत्यू फार आहेत असे त्यांना आढळले. परंतु त्यांचा अहवाल छापला गेला नाही. कॉटन १९३३ साली वारले, त्यांच्या कीर्तीला फारसा धक्का न लागता.

पुढे तुलना करून पाहणारे संशोधन झाले, तेव्हा दिसून आले की दात काढलेल्यांचे सांधे न काढलेल्यांइतकेच दुखतात. मत कोसळले. आणि आमच्या शास्त्रात नेहमी होते तसे झाले. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तोंड आणि देह यांचा संबंध आहे असे म्हणणेच चार-पाच दशके गावंढळपणाचे मानले गेले. आधीच दंतवैद्यकाची शाळा वेगळी. जगातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय १८४० साली बाल्टिमोर येथे निघाले ते वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाहेर. आपल्याकडेही १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढलेली संस्था स्वतंत्रच होती. त्यामुळे आजही हृदयाचा डॉक्टर छातीला नळी लावतो, जीभ पाहतो आणि जिभेच्या दोन बोटे पलीकडे असलेल्या हिरडीकडे त्याची नजर जात नाही. आमचे दंतवैद्यही रोग्याची रक्तशर्करा विचारावयास पुष्कळदा विसरतात. दोष दोन्हीकडे आहे.

१९८९ साली फिनलंडमधून एक निबंध आला आणि बंद पडलेला वाद पुन्हा जागा झाला. हृदयविकाराचा झटका आलेले १०० रोगी आणि तुलनेसाठी निवडलेली १०२ माणसे यांची तोंडे तपासली, तर झटका आलेल्यांची तोंडे अधिक रोगट निघाली. त्यानंतर असे शेकडो निबंध निघाले. वर्तमानपत्रांतून आपण वाचले असेल की, हिरड्या सांभाळा म्हणजे हृदय सांभाळले जाईल. हे वाक्य मी आपल्यासमोर उच्चारणार नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीने दुसरी घडविली असे होत नाही. तंबाखू ओढणाऱ्याच्या हिरड्याही बिघडतात आणि हृदयही बिघडते. गरिबीचेही तसेच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली सारा पुरावा चाळून सांगितले की, हे दुसरे घटक हिशेबातून वजा केले तरी संबंध उरतो; परंतु हिरडीचा रोग हृदयविकाराचे कारण आहे, किंवा हिरडीवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो, असा पुरावा नाही. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीतही असेच झाले. हिरडीच्या रोगाने मूल अपुऱ्या दिवसांचे होते असा गवगवा झाला. मग अमेरिकेत ८२३ गर्भवतींवर प्रत्यक्ष प्रयोग झाला आणि २००६ साली त्याचा निकाल आला. हिरड्यांच्या उपचाराने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली नाहीत. मात्र उपचाराने आईला किंवा बाळाला काही अपायही झाला नाही, हे त्यातले उपयुक्त ज्ञान. पोटुशी बाईने दंतवैद्याकडे जाऊ नये असे सांगणाऱ्या आजीबाई अजून घरोघरी आहेत, त्यांच्यासाठी हे सांगितले.

हृदयाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे आणि ती नीट ऐकावी. तोंडातले जंतू रक्तात शिरतात. दात काढतानाच नव्हे, तर रोगट हिरडीने घास चावतानाही शिरतात. निरोगी शरीर त्यांचा थोड्याच वेळात फडशा पाडते. परंतु ज्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसविली आहे, किंवा ज्याला पूर्वी झडपांचा जंतुदाह होऊन गेला आहे, त्याच्या झडपेवर हे जंतू ठाण मांडू शकतात आणि तो आजार जिवावर बेततो. अशा माणसाने दात काढण्यापूर्वी किंवा किटण काढून घेण्यापूर्वी दंतवैद्याला हे सांगितलेच पाहिजे. त्याला आधी औषध द्यावे लागते.

ज्यासाठी मी आज येथे उभा आहे त्या गोष्टीकडे आता येतो. ती म्हणजे मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. या सभागृहात ते नसतील असे मला वाटत नाही. पैकी कित्येकांना आपण मधुमेही आहोत याचा पत्ताही नसेल.

मधुमेहाने हिरडी बिघडते हे जुने ज्ञान. साखर अनावर असली म्हणजे बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, पांढऱ्या पेशींची लढण्याची ताकद घटते, जखम भरावयास वेळ लागतो. डोळे, मूत्रपिंड, पायांच्या नसा यांच्या यादीत हिरडीचेही नाव घालावे असे लो यांनी १९९३ साली सुचविले. परंतु उलट बाजूही आहे, आणि ती मधुमेह्यांना सहसा कोणी सांगत नाही. रोग पुष्कळ पसरला असता सगळ्या दातांभोवतीच्या खिशांच्या आतल्या पृष्ठभागाची बेरीज ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरते. दंडावर एवढी ओली जखम असती, तर आपण तिला रोज मलमपट्टी केली असती. या जखमेतून दाह उत्पन्न करणारी द्रव्ये रक्तात झिरपत राहतात आणि त्यांच्यामुळे शरीराच्या पेशी इन्सुलिनला नीट जुमानत नाहीत. साखर वाढते. वाढलेल्या साखरेने हिरडी आणखी बिघडते. असे हे चक्र आहे.

चक्र कागदावर छान दिसते. ट्रेंटनच्या कॉटन यांचेही कागदावर छान दिसत होते. म्हणून प्रयोगाने काय दिसले ते विचारले पाहिजे. हिरड्यांवर उपचार करून साखर उतरते का? २०१३ साली अमेरिकेतील ५१४ मधुमेह्यांवरच्या प्रयोगाचे उत्तर ‘नाही’ असे आले. वाद माजला. पुढे आणखी प्रयोग झाले आणि २०२२ साली कॉक्रेन या तटस्थ संस्थेने ३५ प्रयोग एकत्र करून पाहिले. तीन महिन्यांची साखर म्हणून जी तपासणी आपण करून घेतो, जिला प्रयोगशाळेच्या कागदावर ‘एचबीएवनसी’ म्हणतात, ती किटण नीट काढलेल्या रोग्यांत तीन-चार महिन्यांनी सरासरी ०.४३ ने उतरलेली आढळली. म्हणजे साडेआठ असेल तर आठाच्या थोडी वर. हा आकडा चमत्काराचा नाही. याने कोणाची गोळी सुटणार नाही की इन्सुलिन थांबणार नाही. परंतु एवढी साखर उतरविण्यासाठी डॉक्टर नवी गोळी लिहून देतात आणि आपण ती निमूटपणे वर्षानुवर्षे घेतो. तेव्हा गोळ्या चालू असून, पथ्य सांभाळून, सकाळी फिरावयास जाऊनही ज्याची साखर हटून बसली आहे, त्याने एकदा आरशापुढे उभे राहून ओठ बाजूला करून पाहावा. आणि याच्या उलट, चाळिशीच्या आत-बाहेर ज्याचे दात एकाएकी हलू लागले, हिरडीवर वरचेवर फोड येऊ लागले, त्याने दंतवैद्याकडे जाताना वाटेत रक्ताची तपासणी करून घ्यावी. मधुमेहाचा सुगावा प्रथम तोंडातच लागला असे रोगी आमच्याकडे येतात.

आपल्या महाराष्ट्रापुरते एक स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, ते मशेरीविषयी. तव्यावर तंबाखू भाजावी, चुरावी आणि तिने दात घासावे, ही सवय आपल्या आयाबहिणींत खोल रुजलेली आहे. दाढ दुखते म्हणून ती लागते आणि मग दुखो न दुखो, सुटत नाही. ‘मशेरीने रक्त थांबते’ असे त्या सांगतात, आणि विडी-सिगारेट ओढणारे पुरुषही म्हणतात की, आमच्या हिरड्यांतून रक्त येत नाही. तंबाखूने हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त कमी दिसते. रोग आत वाढतच असतो. घरातला धोक्याचा दिवा काढून ठेवावा आणि आता धोका नाही म्हणावे, तसे हे आहे. टूथपेस्ट व दंतमंजन यांत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. परंतु तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कायद्याचा हात कसा पोचणार? तेथे सुनेने सासूबाईंशी, नाहीतर नातीने आजीशीच बोलावे लागेल. तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळीच. ती आजच्या विषयाबाहेरची आहे, म्हणून नुसता उल्लेख करून थांबतो.

उपाय काय, हे विचाराल तर निराश व्हाल, इतके ते साधे आहेत. मऊ केसांची घासणी घ्यावी, कारण कडक घासणीने हिरडी सोलते, रोग जात नाही. ती दाताच्या मध्यावर नव्हे, तर दात आणि हिरडी मिळतात त्या कडेवर तिरपी धरून हळू फिरवावी. दोन वेळा, आणि त्यांतली रात्रीची अधिक महत्त्वाची. दोन दातांमधल्या फटीत घासणी पोचत नाही. तेथे दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतो. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचा केला तर तीही काम करते. पण पटाशीच्या दातांपुरते, मागच्या दाढांच्या आतल्या अंगाला ती पोचत नाही. राखुंडी आणि विटेची पूड यांनी दात झिजतात. रक्त येते म्हणून तेवढी जागा सोडून घासण्याची चूक बहुतेक जण करतात. रक्त येते तेथेच थर साठला आहे, तेव्हा ती जागाच आधी स्वच्छ केली पाहिजे. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही तर आत किटण आहे असे समजून दंतवैद्याला दाखवावे.

व्याख्यानापूर्वीच दोन चिठ्ठ्या माझ्याकडे आल्या आहेत. पहिलीत विचारले आहे की, किटण काढल्याने दात हलू लागतात, हे खरे का? हा समज इतका पसरलेला आहे की, त्यापायी मधुमेहापेक्षा अधिक दात गेले असतील असे मला कधी कधी वाटते. भिंतीचा पाया खचलेला असावा आणि दोन्ही बाजूंना राडारोडा साठून भिंत उभी दिसावी, तसा तो दात असतो. हाड आधीच गेलेले असते, किटणाच्या दगडाने शेजारचे दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात. दगड काढल्यावर दात हलताना जाणवतो आणि सुजलेली हिरडी ओसरल्यामुळे फट दिसू लागते. काही दिवस गार पाणी झोंबते. पुढे दाह उतरून हिरडी घट्ट बसली की पुष्कळ दात पुन्हा स्थिर होतात. सगळेच होतात असे मात्र नाही. ज्यांचे हाड फारच गेले आहे ते जातात, आणि ते किटण न काढताही गेलेच असते.

दुसरी चिठ्ठी एका भगिनीची आहे. घरात वृद्ध आई अंथरुणाला खिळून आहे, तोंडात चार-दोनच दात उरले आहेत; आता त्यांची काय काळजी घ्यावयाची, असा त्यांचा प्रश्न आहे. या प्रश्नाला एक चांगले उत्तर जपानमधून मिळाले आहे. तेथील अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षे पाहणी झाली आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोज जेवणानंतर परिचारिकांनी ज्यांचे तोंड साफ केले, त्यांच्यात न्यूमोनिया शेकडा ११ जणांना झाला. ज्यांची अशी खास काळजी घेतली गेली नाही, त्यांच्यात शेकडा १९ जणांना झाला. आणि दात मुळीच नसलेल्यांनाही याचा फायदा झाला, कारण झोपेत नकळत श्वासनळीत उतरणारी लाळ त्यांच्याही तोंडात असतेच. तेव्हा बाईंनी असे करावे. प्रत्येक जेवणानंतर आईला उशी देऊन बसते करावे, निदान डोके उंच व एका कुशीवर घ्यावे, म्हणजे पाणी घशात उतरणार नाही. मऊ घासणी पाण्यात भिजवून व झटकून दात, हिरड्या आणि जीभ पुसून घ्यावी. दात नसतील तेथे बोटाला स्वच्छ ओला कपडा गुंडाळून हिरड्या आणि गालांची आतली बाजू पुसावी. कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून, पाण्याच्या भांड्यात ठेवावी. तोंडात ठेवून झोपू देऊ नये. सारे मिळून पाच मिनिटांचे काम आहे. पहिले चार दिवस आई तोंड मिटून घेईल, रागावेलही. पाचव्या दिवशी आपण होऊन तोंड उघडेल, कारण स्वच्छ तोंडाला जेवणाची चव अधिक लागते.

आणखी चिठ्ठ्या येताना दिसत आहेत. त्यांची उत्तरे मी सभा संपल्यावर खाली येऊन देईन.